घड्याळ नको, घोळका हवा

आज जरा भांडायचा मूड आहे, तेव्हा प्रस्तावना नाही. आपल्या पिढीने, म्हणजे ईएमआय भरणाऱ्या आणि वर्षातून एकदा आईबाबांचं फुल बॉडी चेकअप करून देणाऱ्या पिढीने, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचा एक सोपा मार्ग शोधून काढलाय. त्यांना बसवून ठेवायचं. "आई, तू उठू नकोस, मी आणतो." "बाबा, बाहेर जाऊ नका, रस्ता खोदलाय, पडाल." "आजी, जिना नको, लिफ्ट बंद असेल तर थांब ना घरीच." सगळं प्रेमापोटी, बरं का. आणि या प्रेमाची परिणती अशी की बाहत्तर वर्षांचा धडधाकट माणूस दोन वर्षांत सोफ्यावरून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीवरून सोफ्यापर्यंत, एवढ्याच प्रवासाचा धनी होतो.

वर आपण खरेदी करतो. पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ, हॉलमध्ये कॅमेरा, पावलं मोजणारं अ‍ॅप. बाथरूममधला कठडा आणि न घसरणारी चटई यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती घ्याच. पण घड्याळ? आपल्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. सर्व्हर रोज रात्री कोसळतोय आणि तुम्ही मॉनिटरिंग टूल विकत घेऊन "आता कोसळला की लगेच कळेल" म्हणून क्लायंटला मेल टाकलीत, तर तो तुम्हाला काय म्हणेल? अलर्ट लावला म्हणजे बग सुटत नाही. आईचा तोल जातोय, हा बग आहे. आई घाबरून घराबाहेर पडेनाशी झालीय, हा त्याहून मोठा बग आहे. आणि हे दोन वेगवेगळे बग नाहीत, हेच आजचं भांडण.

जरा तपशिलात जाऊ. माणूस उभा राहतो तो तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर: डोळे, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि तळपाय-घोटे-सांध्यांमधून येणारे संदेश. मेंदू ही माहिती जुळवतो आणि पायांच्या स्नायूंना क्षणाक्षणाला हुकूम सोडतो. वयानुसार तिन्ही ठिकाणांचा सिग्नल कमजोर होतो, स्नायू उशिरा ऐकतात. इथवर निसर्ग. पुढचं मात्र आपलं कर्तृत्व. माणूस एकदा अडखळतो, घाबरतो, घाबरला की कमी हलतो, कमी हलला की पाय आणखी कमजोर होतात, मग तो खरंच पडतो आणि आणखी घाबरतो. आपण इन्फिनिट लूप म्हणतो तो हाच. या लूपमध्ये 'भीती' ही पायरी आहे, जी एक्सरेत दिसत नाही. न पडलेली माणसंही पडण्याच्या भीतीने घरात बसतात. देवळात जाणं बंद, बाजार बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. मग "आई हल्ली चिडचिडी झालीय", "बाबा हल्ली बोलतच नाहीत". कसे बोलतील? कोणाशी? कशाबद्दल? त्यांच्या दिवसात सांगण्यासारखं घडतंय काय?

मी राहतो माझगावात. इथली गंमत बघा. तोल सांभाळण्याच्या बाबतीत अख्ख्या देशाने शिकवणी लावावी अशी ही जागा आहे. माझगाव ताडवाडीचं गोविंदा पथक नऊ थरांसाठी ओळखलं जातं. गुरुपौर्णिमा आली की रात्री जेवणं उरकून पोरं सरावाला उतरतात. एकाचा घोटा थरथरला तर वरच्या सगळ्यांना कळतं. खालच्याने श्वास कसा घ्यायचा, खांद्यावर पाय कुठे ठेवायचा, मान कुठे वळवायची, हे सगळं घोटवलं जातं. आणि नऊ थर एकट्याने लागत नाहीत, हे तर लहान पोरालाही सांगावं लागत नाही. जगातला सगळ्यात अवघड सामूहिक तोलाचा व्यायाम माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतो! २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, गोविंदांसाठी विमा आणला. उत्तम झालं. २०२५ साली तर कोकण नगरच्या पथकाने ठाण्यात दहा थर लावले.

आणि त्याच गल्लीतल्या सत्तर वर्षांच्या माणसाला, जो कधीकाळी स्वतः खालच्या थरात उभा राहिला असेल, त्याला आपण काय सांगतो? खिडकीतून बघा. खाली गर्दी आहे.

स्पेनमध्ये कॅटलोनिया प्रांतात असेच मानवी मनोरे रचतात. युनेस्कोने २०१० साली त्यांना सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या ब्रीदवाक्यात ताकद, तोल, धैर्य आणि शहाणपण असे चार शब्द आहेत, आणि तळाशी जो माणसांचा गराडा असतो त्यात पांढऱ्या केसांची माणसंही उभी असतात. आज्यांना हंडीला न्या असं मी म्हणत नाहीये, लगेच कमेंट टाकू नका :-) मी एवढंच म्हणतोय की तोल ही कमवायची आणि टिकवायची गोष्ट आहे, ती घोळक्यात चांगली कमावली जाते, आणि हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मंगळागौरीच्या फुगड्या काय आहेत? झिम्मा, पिंगा काय आहे? वारकऱ्यांची पावली बघा: दोन पावलं पुढे, एक मागे, वळण, टाळ हातात, अभंग तोंडात. कोणत्याही फिजिओथेरपिस्टला दाखवा, तो म्हणेल हा तर वेगवेगळ्या दिशांनी वजन सरकवण्याचा व्यायाम, वर गाण्याचं ओझं. कोकणातून गिरणीत आणि गोदीत आलेल्या माणसांनी जाखडी नाचवली ती याच चाळींच्या पटांगणात. हे सगळं आपण 'सांस्कृतिक कार्यक्रम' या फायलीत टाकून दिलं. आता हळदीकुंकवाला डीजे आणि आजीला खुर्ची.

'गाण्याचं ओझं' म्हणालो ते उगाच नाही. १९९७ साली लॅन्सेटमध्ये स्वीडनच्या संशोधकांचा एक छोटासा अभ्यास आला होता. मला तो फार आवडतो, कारण यंत्र नाही, खर्च नाही. वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालता चालता गप्पांत गुंतवलं आणि बोलायची वेळ आली की कोण थांबतं ते पाहिलं. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. म्हणजे चालणं आणि बोलणं एकाच वेळी जमेनासं होणं ही धोक्याची घंटा आहे. मल्टिटास्किंगची क्षमता संपत आलीय, सीपीयू शंभर टक्के चालण्यातच खर्च होतोय. आता सांगा, चालता चालता बोलायचा सराव एकट्या माणसाने ट्रेडमिलवर कसा करायचा? भिंतीशी बोलत?

इथे कोणीतरी म्हणेलच, "पण आमचे बाबा रोज सकाळी चालायला जातात." छान. पण २०१९ साली कॉक्रेनचा मोठा आढावा आला, १०८ चाचण्या, २५ देश, तेवीस हजारांवर माणसं. त्यात तोलाचे आणि रोजच्या हालचालींवर बेतलेले व्यायाम करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलेलं दिसतं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र तसं खात्रीने म्हणता आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून ६५ च्या वरच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करा असं वेगळं सांगते. तेव्हा बाबांचं चालणं चालू राहू दे, पण 'झालं की आमचं' असं समजू नका.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच आढाव्यात हेही आहे की व्यायाम गटात केला काय किंवा एकेकट्याने, पडण्यापुरता फायदा दोन्हीकडे होतो. मग घोळका कशाला? यूट्यूबवर व्हिडिओ लावा, घरीच करा! हा युक्तिवाद मी एका अतिशय हुशार मित्राकडून ऐकलाय (तो स्वतः जिमची वार्षिक फी भरून फेब्रुवारीपासून जात नाही). चाचणीत कोणीतरी घरी येतं, फोन करतं, वही तपासतं. आपल्या घरात कोण तपासणार? पहिल्या आठवड्यात आई खुर्ची धरून एका पायावर उभी राहील, दुसऱ्यात पाहुणे येतील, तिसऱ्यात व्हिडिओची लिंक सापडणार नाही. गटात मात्र "काल का नाही आलात?" असं विचारणारं माणूस असतं. या एका प्रश्नाची किंमत कोणत्याही नोटिफिकेशनला नाही.

आणि दुसरं म्हणजे, आपण फक्त हाडं वाचवायला निघालोय का? अमेरिकेत अटलांटाला एमरी विद्यापीठाच्या स्टीव्हन वुल्फ यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. सत्तरीच्या वरची २०० माणसं, तीन गट, १५ आठवडे. एक गट एकत्र जमून ताई ची शिकला. दुसऱ्याला एकेकट्याने संगणकाला जोडलेल्या फळीवर तोल सांभाळायला शिकवलं. तिसरा नुसता जमून माहिती घ्यायचा. ताई चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला, यंत्रवाल्यांत तसा झाला नाही. मजा पुढे आहे. यांतल्याच काही जणांचे फळीवरचे आकडे तपासले, तर ते सुधारले होते यंत्रवाल्यांचे! ताई चीवाल्यांचे नाही. पण पडण्याची भीती कमी झाली होती ती ताई चीवाल्यांची. मेट्रिक सुधारलं एकीकडे आणि माणूस सुधारला दुसरीकडे. डॅशबोर्ड हिरवा करण्यात करिअर घालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रिंट काढून क्युबिकलवर लावावं. आता सगळं श्रेय घोळक्याला देता येणार नाही, ताई चीची हालचालच वेगळी असते. पण यंत्र आणून देणं म्हणजे भीती घालवणं नव्हे, एवढं तर दिसतंच.

मनाच्या बाजूने बघितलं तरी असंच काहीसं. ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशीच्या वरच्या, नैराश्य असलेल्या १५६ जणांवर प्रयोग झाला. काहींना गोळी, काहींना गटात व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. लगेच शंका निघाली की हा गुण व्यायामाचा, की आठवड्यातून तीनदा भेटणाऱ्या माणसांचा? संशोधकाला हा प्रश्न छळणं बरोबर आहे. आपल्याला तो छळायचं काय कारण? दोन्ही एकाच पुडीत मिळत असेल तर पुडी घ्या ना. (ज्यांना नैराश्याची गोळी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. ब्लॉग वाचून तर नाहीच नाही.)

मुंबईला हे नवीनही नाही. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवालाजवळच्या बागेत पाच माणसं घेऊन हास्यक्लब काढला. दोनेक आठवड्यांत विनोद संपले, मग विनोदाशिवाय हसायला सुरुवात झाली, आणि ती गोष्ट जगभर गेली. आपण कॉलेजात असताना बागेतल्या त्या हो-हो-हा-हा वर किती टवाळी केलीय सगळ्यांनी! हसण्याने काय बरं होतं आणि काय नाही यावर मी पैज लावणार नाही. पण रोज सकाळी वीस म्हातारी माणसं घराबाहेर पडून एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, ही गोष्ट टवाळीची नव्हती. त्या वीस मिनिटांत दहा मिनिटं तोलाची घाला, एवढीच माझी सूचना.

कारण सध्या जे चाललंय ते अर्धवट आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, जागोजागी आहेत, पण त्यांचे कार्यक्रम बघा: व्याख्यान, सत्कार, वाढदिवस, कोजागरी. सगळं खुर्चीवर! शाल, श्रीफळ आणि बूड खुर्चीला. पालिकेच्या बागांत हिरवी-पिवळी ओपन जिमची यंत्रं आलीत, पण त्यातल्या बऱ्याच यंत्रांना दोन्ही हातांनी धरायला दांडे असतात आणि शिकवायला कोणी नसतं. म्हणजे तोलाला काम नाही आणि सोबतही नाही. २०२२ साली पालिकेने शिव योग केंद्रं सुरू केली होती, गट जमवा आणि प्रशिक्षक मिळवा अशा धर्तीवर. कल्पना अगदी योग्य. पण पंच्याहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाबाची गोळी खाऊन गरगरणाऱ्या माणसाला सूर्यनमस्काराचा वर्ग चालत नाही. त्याला खुर्ची, भिंत आणि शेजारी उभा राहणारा जाणकार लागतो. आणि माझगावात सगळ्यात मोकळी हवा आहे ती जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात, म्हणजे भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर. ज्याला चढवत नाही त्याने काय करायचं? (खाली म्हातारपाखाडी नावाची जुनी वस्ती आहे, काका बॅप्टिस्टा तिथलेच. नावाचा उगम काहीही असो, ती पाटी दिसली की मला हाच प्रश्न आठवतो.)

सरकारी योजनांची आणखी एक खोड म्हणजे शिबिर. दहा दिवसांचं शिबिर, उद्‌घाटन, फोटो, समारोप. कॉक्रेनचाच २०१४ चा आणखी एक आढावा आहे, खास पडण्याच्या भीतीवर. ३० चाचण्या. निष्कर्ष: व्यायामाने भीती थोडी ते मध्यम कमी होते, पण व्यायाम थांबल्यावर ते टिकतं का याचा भक्कम पुरावा नाही. अर्थातच! पाणी दहा दिवस सोडून "आता वर्षभर पुरवा" असं कोणी म्हणतं का? ही गोष्ट नळासारखी रोज यायला हवी.

चाळींबद्दल गहिवरून येणाऱ्यांचा मी पंथ नाही. बीआयटी चाळींचे जिने, रात्री दोनला गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंतची वाट, ओली मोरी, यात किती माणसं घसरलीत ते तिथे राहिलेल्यांना विचारा. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, घरात संडास आहे, हे चांगलंच झालं. पण चाळीत माणूस दिवसातून दहा वेळा न ठरवता चालायचा, वाकायचा, उंबरे ओलांडायचा आणि दर खेपेला कोणाशी तरी बोलायचा. नव्या घरात ही दोन्ही कामं ठरवून करावी लागतात. पुनर्विकासाच्या करारात पार्किंग, फिटनेस सेंटर, किड्स प्ले एरिया असं सगळं लिहिलेलं असतं. आपल्या आईबाबांनी सह्या केलेल्या त्या कागदात त्यांच्यासाठी एक सपाट, न घसरणारी, कठडा असलेली जागा कुठे लिहिलीय ते शोधून बघा.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथे काही वाचक रागावणार आहेत. वर्ग सकाळी सातला असतो. सातला आजोबा मोकळे असतात, आजी नसते. कारण सातला आजी तुमचा डबा भरत असते आणि नातवाला स्कूलबसपर्यंत पोचवत असते, तुम्हाला सव्वाआठची लोकल गाठायची असते म्हणून. बागेत म्हातारे पुरुषच जास्त का दिसतात याचं उत्तर बागेत नाही, आपल्या स्वयंपाकघरात आहे. "आईला आवडतं नातवाचं करायला." हो, आवडतं. तिला फुगडीही आवडायची. विचारलंय कधी? तेव्हा वर्ग संध्याकाळी पाचला ठेवा, नाहीतर डबा स्वतः भरा. दोन्हीपैकी एक.

"आणि वर्गातच पडली तर?" रास्त प्रश्न. आधी डॉक्टरांना दाखवा: चक्कर, रक्तदाब, डोळे, साखर, चालू असलेल्या गोळ्या. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा, वर्गणी काढून आठवड्यातून एकदा बोलावता येतो. प्रत्येकापुढे भक्कम खुर्ची. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालणं, आडवं चालणं, एका पायावर उभं राहणं, आधी दोन हातांनी धरून, मग एका हाताने, मग एका बोटाने. बस. सोबत गाणं म्हणा, पाढे म्हणा, राजकारणावर भांडा. "आमच्या बाबांना घोळका आवडत नाही" असंही असतं, सगळ्यांनी हास्यक्लबचा सेक्रेटरी व्हायची गरज नाही. चार माणसं पुरतात, आणि न बोलता शेजारी उभं राहिलेलं माणूसही सोबतच असतं.

जागा शोधायला पालिकेची वाट बघू नका. सोसायटीचं पोडियम दुपारी चार ते सहा रिकामं असतं. मंडळाची खोली गणपतीचे दहा दिवस सोडले तर बंद असते, प्लास्टिकच्या खुर्च्या आतच रचून ठेवलेल्या असतात (डगमगणाऱ्या बाजूला काढा आणि उरलेल्या भिंतीला टेकवून ठेवा). चावी कोणाकडे असते ते तुमच्या आईला माहीत असेल.